नया बाजारात कोण कोणाला विचारतो?

लष्करातल्या मोहल्ल्यांची नावे एकामागून एक उच्चारीत गेले की आपल्या घराण्यांचा अर्धा इतिहास आपोआप डोळ्यांपुढून सरकतो. चिटणीस की गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार, बालाबाईचा बाजार, मामा का बाजार. प्रत्येक नावाआड कोणी सरदार, कोणी दप्तरदार, कोणी बाईसाहेब उभी आहे. त्या मानाने 'नया बाजार' हे नाव अगदीच पोरके वाटते. त्यात कोणाचे नाव नाही, नुसते एक विशेषण आहे, आणि तेही केव्हाच जुने झालेले. पण मला हे नाव आवडते. ज्या बाजारावर कोणा एकाचे नाव नाही तो सर्वांचा, असे मानावयास हरकत नाही. मात्र 'सर्वांचा' म्हणजे निर्णय घेण्याच्या वेळी नेमका कोणाचा, हा प्रश्न गेल्या दहा वर्षांत आम्हा नया बाजारवाल्यांच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

आपले हे शहर मुळात छावणी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उठले. 'गोठ' ह्या शब्दात मराठी 'गोट' अजून ऐकू येतो, तो छावणीतलाच. आता छावणीची एक रीत असते. कोणत्या पथकाने कोठे उतरावयाचे, घोडे कोठे बांधावयाचे, बाजार कोठे भरवावयाचा, हे सारे वरून नेमून दिले जाते. छावणीत जागा कोणी मागत नसतो. ही रीत तंबू गेल्यावरही राहिली. १८८७ साली येथे नगरपालिका आली, पुढे माधवराव महाराजांच्या अमदानीत रस्ते झाले, इमारती झाल्या, तिघऱ्याचे धरण झाले. हुकूम सुटावयाचा आणि काम व्हावयाचे. त्यातले बरेचसे काम चांगले झाले, आणि आपल्या घरांतून त्याचा अभिमान अजूनही सांगितला जातो. तो खोटा नाही. पण त्या अभिमानाबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडली. शहर करणारे ते वेगळे आणि शहरात राहणारे आपण वेगळे, असे आपण मानीत आलो. आपल्याकडे दोनच गोष्टी उरल्या: अर्ज करणे आणि आभार मानणे. तिसरी गोष्ट कुरकुर करणे, पण तिला कोणी मोजीत नाही.

अशा ह्या शहरात 'स्मार्ट सिटी' आली. आपल्या घरांतून 'स्मार्ट' हा शब्द नवा नव्हे. मुलगी दाखवावयाच्या दिवशी नवरदेव कोट घालून आला की आजी म्हणावयाच्या, "पोरगा स्मार्ट दिसतो हो." दिसतो, इतकेच. असतो की नाही, हे लग्नानंतर कळावयाचे. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने हे अभियान जाहीर केले. देशातील शंभर शहरे निवडावयाची, केंद्राने एकूण ४८,००० कोटी रुपये द्यावयाचे, म्हणजे एका शहरास पाच वर्षांत सरासरी ५०० कोटी, आणि तितकीच भर राज्याने व शहराने घालावयाची. पैसे मागेल त्याला मिळणार नव्हते. शहरांची स्पर्धा होती. मध्य प्रदेशातून इंदूर, भोपाळ आणि जबलपूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीतच लागले. आपले ग्वाल्हेर आणि उज्जैन त्याच वर्षी सप्टेंबरात आले. लष्करातल्या लोकांना आनंद झाला. मलाही झाला. इंदूर पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, हे आपल्या पिढीला कधीच सहन झालेले नाही.

ह्या स्पर्धेत एक अट मोठी मोहक होती. नागरिकांचे मत घेतल्याशिवाय प्रस्ताव पाठवावयाचा नाही, आणि मत कसे घेतले ह्याला स्पर्धेत गुण होते. शहराशहरांतून त्यासाठी फॉर्म भरून घेतले गेले, फलक लागले, संदेश आले. आमच्या गल्लीतही एक तरुण फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला होता. मोठा नम्र मुलगा. फॉर्मावर वाहतूक, स्वच्छता, पाणी, पर्यटन, सुरक्षा अशी नावे होती आणि त्यांना आम्ही क्रम द्यावयाचा होता. मी पाण्याला पहिला दिला. समोरच्या कापडवाल्या जैनसाहेबांनी वाहतुकीला दिला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारले, "ह्यात आमच्या नालीचे नाव कोठे आहे?" मुलगा हसून म्हणाला, "ती स्वच्छतेत येते, आंटी." वहिनींनी स्वच्छतेपुढे एक लिहिला. त्या गठ्ठ्याचे पुढे काय झाले, आमचे तीन पहिले क्रमांक एकमेकांशी कसे जुळविले गेले, हे आम्हांस कधी कळले नाही. वर्ष-दोन वर्षांनी मी जैनसाहेबांना सहज म्हटले, "मत तर घेतले होते आपले." तेव्हा गज खाली ठेवून ते म्हणाले, "भाऊसाहब, पूछा तो था, पर बताया कहाँ कि हमारे कहे का हुआ क्या?"

ह्या एका वाक्यात सारा प्रश्न आहे असे मला वाटते. मत विचारणे ही एक गोष्ट आणि निर्णयात वाटा देणे ही दुसरी. लग्नघरी पाहुण्याला विचारतात, "काय वाढू?" त्याने जिलबी म्हटले तर जिलबी वाढतात. पण जेवणाचा बेत त्याला विचारून ठरलेला नसतो, आणि खर्चाची वही तर त्याच्या हाती कोणीच देत नाही. पाहुण्याला त्याचे वाईटही वाटत नाही, कारण घर त्याचे नसते. शहराच्या बाबतीत मात्र पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे आधी ठरले पाहिजे.

अभियानाचे नियम वाचले की यजमानपण कोणाकडे होते ते स्पष्ट दिसते. प्रत्येक शहरात कामासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापावयाची होती, कंपनी कायद्याखालची. तिच्यात राज्य सरकार आणि महापालिका ह्यांचे भाग निम्मे-निम्मे. तिचा अध्यक्ष विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त किंवा विकास प्राधिकरणाचा मुख्याधिकारी, ह्यांपैकी राज्य सरकार नेमील तो. ह्या यादीत महापौराचे नाव नाही. निवडून आलेल्या सभागृहाने योजनेपुरते आपले अधिकार ह्या कंपनीच्या स्वाधीन करावेत, असेही नियमांत सुचविलेले आहे. नागरिकांसाठी एक सल्लागार मंच होता. त्यात खासदार, आमदार, महापौर, तज्ज्ञ, तरुण आणि रहिवासी संघाचा प्रतिनिधी ह्यांना जागा होती. नावच सल्लागार. सल्ला द्यावयाचा, सही दुसऱ्याची.

ह्याच्या शेजारी आपली राज्यघटना ठेवून पाहा. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १९९२ साली संसदेने संमत केली आणि १ जून १९९३ पासून ती अंमलात आली. तिने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपविता येतील अशी अठरा कामे आहेत आणि त्यांतले पहिलेच काम नगररचना. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असेही तीत सांगितले आहे. ग्वाल्हेरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांवर गेली होती. म्हणजे घटना म्हणते, शहराचा नकाशा वॉर्डातून वर जावा. आणि अभियान म्हणते, तो कंपनीतून खाली यावा. दोन्ही कागद सरकारचेच. त्यातून आपल्या नशिबी आणखी एक योग आला. जानेवारी २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. मध्यंतरीची अडीच वर्षे, ऐन कामांच्या धामधुमीत, ह्या शहराला निवडून आलेला महापौर नव्हता आणि सहासष्ट वॉर्डांपैकी एकाही वॉर्डाला पार्षद नव्हता. दार ठोठवावयाचे म्हटले तर ठोठवावयास दारच नव्हते.

झालेली कामे वाईट झाली असे मी म्हणत नाही. महाराज बाड्यावर आज उभे राहिले की डोळ्यांना बरे वाटते. टाऊन हॉल पुन्हा नीटनेटका झाला, बाड्याजवळ डिजिटल संग्रहालय झाले, बैजाताल उजळला. २०१० साली आगीत जळालेल्या व्हिक्टोरिया मार्केटात आता भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. पाहुण्यांना घेऊन मी स्वतः तेथे जातो आणि थोडा ऐटीतच बोलतो. मोतीमहालात, जेथे मध्य भारताची विधानसभा बसत असे, तेथे आता शहरभरच्या कॅमेऱ्यांची चित्रे पाहण्याचे केंद्र आहे. त्या वास्तूचा हा प्रवास मला विचार करावयास लावतो. पूर्वी तेथे लोकांनी पाठविलेली माणसे बोलत असत. आता तेथून लोक दिसतात. दिसणे आणि बोलणे ह्यांत फरक आहे, इतकेच.

हा फरक मोजण्याची एक जुनी पट्टी आहे. अमेरिकेत शहरसुधारणेच्या सरकारी कामात नागरिकांच्या सहभागाचे काम पाहिलेल्या शेरी आर्न्स्टाइन नावाच्या बाईंनी १९६९ साली एक लेख लिहिला आणि त्यात आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसते घोळात घेतात किंवा त्यांची समजूत घालतात. मधल्या तीन पायऱ्यांवर त्यांना माहिती देतात, मत विचारतात, एखाददुसरी जागा देऊन शांत करतात. वरच्या तीन पायऱ्यांवर मात्र भागीदारी येते, मग सोपविलेला अधिकार, आणि सर्वांत वर लोकांचा ताबा. बाईंचे म्हणणे असे की मधल्या पायऱ्यांवर लोकांचे ऐकले जाते, पण ऐकलेले मानले जाईलच ह्याची हमी नसते. जैनसाहेबांनी हा लेख वाचला असण्याचा संभव नाही. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्यांनी बरोबर सांगितले होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मला रास्त वाटतो. आपल्या घरांतली वडीलधारी मंडळीच तो घेतात. सगळ्यांना विचारीत बसले तर काम व्हावयाचे केव्हा? महाराजांनी विचारीत बसायचे ठरविले असते तर ह्या शहरात एक तरी रुंद रस्ता झाला असता का? आणि ज्यांना विचारावयाचे ते तरी कोण? दुकानदार विचाराल तर तो फळीपुढे चार हात सरकलेला असतो आणि ते चार हात सोडावयास तयार नसतो. घरवाला विचाराल तर नालीवर त्याचा ओटा आलेला. स्कूटरवाला विचाराल तर त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत जावयाचे. प्रत्येकाचे मत म्हणजे प्रत्येकाची सोय. ह्या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय सहभागाच्या गोष्टी करणे हा नुसता भाबडेपणा होईल.

उत्तर मला आमच्या गल्लीतच सापडते. काही वर्षांपूर्वी येथे नवी नाली घालण्यात आली. कोणत्या खात्याने घातली ते सांगण्याचे येथे कारण नाही. ओटे कापावे लागणार होते आणि ते आम्ही कापू दिले. फारशी कुरकूर झाली नाही. पण तळमजल्यावर राहणाऱ्या माई, वय ऐंशीच्या पुढे, काम चालू असताना काठी टेकीत बाहेर आल्या आणि देखरेख करणाऱ्या मुलाला म्हणाल्या, "बेटा, पानी इधर नहीं आता. पीपल की तरफ जाता है." साठ पावसाळे त्यांनी त्या उंबऱ्यावरून पाहिले होते. मुलगा आदराने म्हणाला, "माताजी, लेवल ऊपर से आया है." पहिल्या मोठ्या पावसात पाणी पिंपळाकडे गेले नाही, ते माईंच्या माजघरात आले. धान्याची कोठी भिजली, पलंगाखालच्या ट्रंका भिजल्या, आणि त्यांतला त्यांच्या लग्नातला शालू गेला. नाली पुन्हा उकरावी लागली. दोनदा खर्च झाला. विचारल्याने वेळ जातो हे खरे. पण न विचारल्याने किती वेळ गेला ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. माईंचे म्हणणे ही त्यांची सोय नव्हती. ती माहिती होती, आणि ती दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

सोय आणि माहिती ह्यांची निवड कशी करावयाची, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच शेजारच्या संस्थानात एका माणसाने करून दाखविले आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि गावोगावचे नकाशे पायी फिरून पाहू लागला. बडोद्याविषयी त्याने १९१६ साली अहवाल लिहिला आणि होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आग्रह असा की आधी रोग्याची तपासणी, मग औषध; आणि शस्त्र चालवावयाचेच तर अगदी बेताने, म्हणजे सबंध मोहल्ला पाडण्याऐवजी एखादी पडकी भिंत काढून हवा खेळती करावयाची. इंदुरात त्या वेळी प्लेगचे भय होते आणि नकाशा घेऊन फिरणाऱ्या ह्या म्हाताऱ्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. तेव्हा त्याने महाराजांकडून दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली. मिरवणुकीचा रस्ता त्याने आधी ठरविला नाही. ज्या गल्ल्यांनी आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले झाडून, दुरुस्त करून ठेविले असतील, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाईल, एवढेच जाहीर केले. शहर झटून कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, नगराची देवता होती, आणि स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घातलेले झाडूवाले होते.

ह्या गोष्टीतला मिरवणुकीचा थाट सर्वांना आठवतो. मला तीतला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. दरबारचा हुकूम गेडिसच्या खिशात होता. रस्ता स्वतः ठरविणे त्याला सहज शक्य होते. तो अधिकार त्याने गल्ल्यांना देऊन टाकला. मिरवणूक आपल्या दारावरून जावी की न जावी, हे ज्याच्या त्याच्या झाडूवर ठेविले. लोकांनी साफसफाई केली ती व्याख्यान ऐकून नव्हे. निर्णय त्यांच्या हाती होता म्हणून. सत्ता थोडी का होईना हाती आली की माणूस सोयीच्या पलीकडे पाहू लागतो. हाती काहीच नसले की तो आपला ओटा तेवढा धरून बसतो, कारण तेवढाच त्याचा असतो.

महाराष्ट्रातही ह्याचे दाखले आहेत आणि ते सारखे नाहीत, म्हणून बोधप्रद आहेत. पुण्याच्या महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. पाच लाखांपर्यंतची लहान कामे त्यातून सुचविता येऊ लागली: एखादा बाक, दिवा, पदपथाची दुरुस्ती. रक्कम लहान, पण ती पैशाच्या वहीतली ओळ आहे, फॉर्मावरचा क्रमांक नव्हे. ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तेथे १९८९ पासून लोक सभा भरवून कोणत्या कामाला पैसा द्यावयाचा ते ठरवू लागले. नवी मुंबईच्या सभागृहाने डिसेंबर २०१५ मध्ये स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनीच नाकारली आणि स्पर्धेतून ते शहर बाहेर पडले. बरे केले की वाईट, ह्यावर दोन मते असू शकतील. पण नकार देण्याचा अधिकार आपल्याजवळ आहे, हे त्या सभागृहास ठाऊक होते.

कोल्हापूर तर आपल्यासारखेच संस्थानी गाव. तेथे खाजगी कंपनीकडून पन्नासएक किलोमीटरचे रस्ते करवून घेण्यात आले आणि त्यांचा खर्च गावातल्याच लोकांकडून टोल घेऊन भागवावयाचा असे ठरले. करार झाला तेव्हा गावाला नीटसे कळलेच नव्हते. नाके उभे राहिल्यावर कळले. मग गोविंद पानसरे, एन. डी. पाटील ह्यांच्यासारख्या वृद्धांच्या मागे सबंध गाव रस्त्यावर आले, पक्षभेद विसरून आले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. पण जाताना फुकट गेला नाही. कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे पुन्हा लोकांच्याच खिशातून करावी लागली. कोल्हापूरकरांचा विजय मोठा होता ह्यात शंका नाही. तरी तोच प्रश्न कराराआधी विचारता आला असता तर विजय स्वस्तात पडला असता. उशिरा दिलेला नकार नेहमीच महाग असतो.

आता 'लोक' म्हणताना आपण कोणाला धरतो, हेही पाहिले पाहिजे. आपल्यासारखी पक्क्या घरांतली माणसे तेवढी नागरिक आणि बाड्यावर पथारी मांडून बसणारा तो अडथळा, असे आपण सहज बोलून जातो. पण पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा तसे मानीत नाही. त्याप्रमाणे शहराच्या फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनीच निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, आणि त्यांतल्या एक-तृतीयांश स्त्रियांच्या असावयास पाहिजेत. मला ह्या कायद्यातली 'निवडून दिलेल्या' ही अक्षरे मोलाची वाटतात. ज्याच्या पोटावर निर्णय येणार, त्याला सल्लागार म्हणून नव्हे तर मतदार म्हणून आत घेतले आहे. कागदावर तरी हातगाडीवाल्याला जे मिळाले, ते नया बाजारातल्या वाडेवाल्याला अजून मिळालेले नाही, ही गंमत आहे.

आणि ह्याचा थोडा दोष आपल्या समाजाकडेही जातो. गणेशोत्सवाची मंडळे आपण चालविली, नाटके केली, गायनसमाज चालविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हटले, त्यात आपल्या घरांतल्या कृष्णराव शंकर पंडितांसारख्या गवयांचा केवढा वाटा आहे! नगरपालिकेतही आपली माणसे होती. नारायणराव शेजवलकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विवेक ह्यांच्यासारखे महापौर आपल्यातूनच झाले. पण वॉर्डाच्या बैठकीला आपल्यापैकी किती जण जातात? "तेथे काय ऐकावयाचे, पार्षदाची माणसे बोलतात," असे म्हणून आपण घरी बसतो. मुले पुण्याला, बंगळुराला, अमेरिकेला गेली. वाड्याचे दोन दरवाजे कुलूपबंद, एकात आपण. कुलूपबंद दाराच्या वतीने कोणी बोलत नाही. मोहल्ल्याचा नकाशा काढणाऱ्याला ते रिकामेच दिसते, आणि त्याचे फारसे चुकतही नाही. २०२०-२१ मध्ये युनेस्कोच्या ऐतिहासिक नगरदृश्याच्या उपक्रमासाठी ग्वाल्हेर आणि ओरछा निवडले गेले. त्या विषयावरच्या युनेस्कोच्या २०११ च्या शिफारशीत साधनांची जी यादी आहे, तीत नागरिकांचा सहभाग हेच पहिले साधन आहे. पण साधन वापरावयास हात लागतात.

३१ मार्च २०२५ रोजी स्मार्ट सिटी अभियानाची मुदत संपली. आता उत्सव आटोपल्यावरचा मांडव आपल्या गळ्यात आहे. दिवे, कॅमेरे, पडदे, रंगविलेल्या दर्शनी भिंती ह्यांची निगा राखावयास दरवर्षी पैसा लागणार आणि तो शेवटी घरपट्टीतूनच येणार. म्हणून सहभागाची वेळ टळून गेली असे मानू नये. खरी वेळ आताच आली आहे. काय करावे, ह्याविषयी माझी समज अगदी साधी आहे. कोणत्याही कामाची निविदा निघण्यापूर्वी त्याचा नकाशा त्या चौकात लागावा, आणि तो इतका मोठा असावा की माईंना त्यात आपले दार सापडावे. हरकतीला महिनाभराची मुदत असावी आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे. मान्य नसेल तर का मान्य नाही तेही लिहावे. काम कोणाचे, किती रुपयांचे, आणि किती वर्षे दुरुस्ती त्याच्याच माथी, ह्याची पाटी कामाच्या जागी राहावी. आणि काम पुरे झाल्याच्या कागदावर वॉर्डातल्या पाच रहिवाशांच्या सह्या झाल्याखेरीज शेवटचा हप्ता सुटू नये. ह्यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तेथे आमचे मत फॉर्मावरून उठून थेट तिजोरीच्या किल्लीपाशी जाते.

हे कोणी आपण होऊन देईल असे मला वाटत नाही. सत्तेचा वाटा आजवर कोणी ताटात वाढून दिलेला नाही. पण मागण्याचे मार्ग उघडे आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत नकाशा आणि करार मागता येतो. २०२२ मध्ये निवडून आलेल्या पार्षदांची मुदत पाच वर्षांची आहे, आणि मुदत सरत आली की ते पुन्हा आपल्या जिन्यावर येतीलच. त्या वेळी चहा अवश्य द्यावा. मात्र चहाच्या आधी एवढे विचारावे: "आमच्या गल्लीचा नकाशा तुम्ही पाहिला आहे का? आणि तो बदलावयाचा झाला तर आम्हांला बोलावणार का?" उत्तर लिहून घ्यावे, तारखेसकट. कुलूपबंद दारांच्या मालकांनीही पुण्याहून एखादे पत्र पाठवावे. वाडा अजून त्यांच्याच नावावर आहे.